पत्त्यात उरलेले पाणी

फेब्रुवारी २०२५ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या निमित्ताने मी पुण्याहून रेल्वेने दिल्लीला गेले. १९५४ साली तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली दिल्लीत संमेलन झाले होते. त्यानंतर एकाहत्तर वर्षांनी ते पुन्हा राजधानीत भरत होते, त्यामुळे तालकटोरा स्टेडियमच्या आवारात फेटे, नऊवारी, पुस्तकांच्या पिशव्या आणि चहाच्या रांगा यांना तोटा नव्हता. १७३७ च्या मार्चमध्ये बाजीरावांच्या फौजेची मोगलांशी चकमक याच परिसरात झाली, ही गोष्ट तिथे दर दुसऱ्या माणसाच्या तोंडी होती आणि ती सांगताना प्रत्येकाचा आवाज थोडा चढत होता. माझ्या मनात मात्र पहिल्याच दुपारी त्या जागेचे नाव अडकून बसले. ताल म्हणजे तळे आणि कटोरा म्हणजे वाटी. एक परिसंवाद अर्धा टाकून मी शेजारच्या बागेत गेले, तेव्हा नाव ठेवणाऱ्याने किती नेमके पाहिले होते ते कळले. पश्चिमेच्या अंगाला टेकाडांची झाडी आहे आणि तिच्या कुशीत ही जमीन खोलगट होत गेली आहे. मोगलकाळात इथे बाग होती आणि टेकाडांवरून उतरणारे पाणी बांध घालून तळ्यात अडवले जात असे. आता वाटी आहे, ताल नाही. कारंजे आहे, आणि त्याच्याभोवती माळ्याने ओळीत लावलेली हंगामी फुले आहेत.

पुण्यात आम्ही काही जण रविवारी सकाळी ओढे शोधत फिरतो. शोधत म्हणण्याचे कारण असे की बरेचसे ओढे आता पाइपात, नाहीतर इमारतींच्या मागच्या भिंतीखाली असतात. अशा फिरण्याने माणसाला एक खोड लागते. रस्त्याचा उतार, चौकाचे नाव, पावसात कुठे पाणी तुंबते याची बातमी, या सगळ्यांत तो पाण्याची जुनी वाट पाहू लागतो. सारसबागेतल्या गणपतीला आम्ही अजूनही तळ्यातला गणपती म्हणतो आणि तळे बुजून तिथे बाग झाल्याला किती काळ लोटला याचा कोणी हिशेब ठेवत नाही. ही खोड घेऊनच मी दिल्लीला गेले होते, आणि तालकटोऱ्याने तिला खाद्य पुरवले. संमेलनाच्या तीन दिवसांना मी आणखी चार दिवस जोडले आणि मुक्काम आयएनए बाजाराजवळ राहणाऱ्या माझ्या आतेबहिणीकडे हलवला. तिला आम्ही सगळे ताई म्हणतो. तिने दिल्लीत तीस वर्षे काढली आहेत, आणि "लाल किल्ला बघ, सरोजिनी नगरमध्ये खरेदी कर, नाल्यांकडे काय बघायचंय?" हा तिचा प्रश्न शेवटच्या दिवसापर्यंत कायम राहिला.

दिल्लीचा नकाशा उघडून पाहिला तर हे शहर इथेच का वसले ते चटकन कळते. अरवलीची शेवटची, झिजून बुटकी झालेली शेपटी नैर्ऋत्येकडून शहरात शिरते आणि उत्तरेला वजिराबादजवळ यमुनेला जाऊन टेकते. तिलाच दिल्लीकर रिज म्हणतात. पूर्वेला नदी, पश्चिमेला आणि दक्षिणेला हा खडक, आणि मधल्या त्रिकोणात मेहरौली, सिरी, तुघलकाबाद, फिरोजाबाद, शाहजहानाबाद, नवी दिल्ली अशी एकामागून एक शहरे. खडकावर पडलेला पाऊस उतारावरून ओहोळांनी नदीकडे धावायचा आणि वाटेत जो राज्यकर्ता शहाणा असेल तो त्याला अडवून तळे, हौद किंवा बावली बांधायचा. बावली म्हणजे आपली पायविहीर, किंवा आपल्याकडच्या जुन्या शब्दात बारव. जो राज्यकर्ता नदीपासून दूर, खडकावर राजधानी करायचा, त्याला तर हे करावेच लागे.

मेट्रोच्या नकाशात आणि जुन्या मोहल्ल्यांच्या पाट्यांवर ती सगळी कामगत अजून नावांनिशी हजर आहे. हौज खास, धौला कुआँ, लाल कुआँ, पुल बंगश, दर्यागंज, सतपुला, बारापुला, खारी बावली. मी वहीत ही यादी करत बसले तेव्हा लक्षात आले की पिनकोड काढून टाकला तरी दिल्लीच्या पत्त्यांवरून तिच्या पाण्याचा नकाशा काढता येईल. धौला कुआँ हे नाव तर त्या आठवड्यात सगळ्यांच्याच तोंडी होते, कारण १७ फेब्रुवारीच्या पहाटे दिल्लीला जो भूकंपाचा धक्का बसला त्याचे केंद्र तिथे होते. ताई घाबरून पायऱ्या उतरून खाली गेली होती आणि चहाबरोबर तो प्रसंग तिने मला तीनदा सांगितला.

खारी बावलीत मी सकाळी दहाच्या सुमारास पोचले. हा मसाल्यांचा प्रचंड घाऊक बाजार आहे. पाठीवर मिरच्यांची पोती घेतलेले हमाल, हातगाड्या, हळदीचा धुरळा, आणि ठसका लागल्याशिवाय दहा पावले चालता येणार नाही असा वास. मचूळ पाण्याची एक पायविहीर सोळाव्या शतकात इथे बांधली गेली होती, म्हणून हे नाव. ती कुठे होती असे मी एका दुकानदाराला विचारले, तर त्याने हातातले वेलदोडे चाळणे न थांबवता पायाखालच्या फरशीकडे बोट दाखवले आणि "यहीं कहीं" एवढेच उत्तर दिले. पलीकडच्या चांदणी चौकातून एके काळी कालवा वाहत होता आणि मधल्या हौदात चंद्राचे प्रतिबिंब पडे, असे सांगतात. आता तिथे लाल दगडी फरसबंदी आहे आणि दिवसा मोटारींना बंदी आहे. ही बंदी चांगली आहे. तिचे मनापासून कौतुक करून मी पुढे निघाले.

हौज खासबद्दल माझे मन अजून दोन्ही बाजूंना झुकते. अलाउद्दीन खिलजीने सिरी शहरासाठी हा तलाव खणवला. पुढे तो गाळाने भरला आणि चौदाव्या शतकाच्या मध्यावर फिरोजशाह तुघलकाने तो उपसून घेतला, काठावर मदरसा बांधला आणि स्वतःची कबरही तिथेच करून घेतली. १३९८ साली दिल्ली लुटायला आलेल्या तैमूरचा तळ याच पाण्याच्या काठी पडला होता. त्यानंतरच्या शतकांत तलाव आटला, भोवतीचा चढउतार घरांनी आणि रस्त्यांनी कापून टाकला, आणि पावसाचे पाणी तिथवर पोचेनासे झाले. या शतकाच्या सुरुवातीला वसंत कुंजच्या शुद्धीकरण केंद्रातून प्रक्रिया केलेले मैलापाणी आणून त्याचा एक तुकडा पुन्हा भरण्यात आला. मदरशाच्या सज्जातून खाली पाहिले की ते दिसते. शेवाळामुळे वाटाण्याच्या आमटीसारखा दाट हिरवा रंग, त्यावर बदके आणि पाणकावळे, आणि काठाच्या बाकांवर एकमेकांत हरवलेली कॉलेजची मुले. तलाव पाहून नाके मुरडणारे पर्यटक मी पाहिले. मला तो प्रयत्न प्रामाणिक वाटला, कारण या शहराजवळ आज मुबलक असलेले एकच पाणी आहे आणि ते म्हणजे सांडपाणी. खटकले ते एवढेच, की जे पाणी खडकावरून आपोआप उतरत येत होते त्याची वाट मोडायची आणि मग पाइपाने पाणी आणून फलकावर पुनरुज्जीवन लिहायचे, या उलट्या प्रवासाचा खर्च फलकावर कुठेच लिहिलेला नसतो.

सतपुल्याला कोणी नाके मुरडायलाही येत नाही. साकेतच्या चकचकीत मॉलपासून चालत जाण्याच्या अंतरावर, खिडकी गावाजवळ, मुहम्मद तुघलकाने आपल्या जहाँपनाह शहराच्या तटातच बांधलेला हा बंधारा आहे. सात कमानी, त्यांतून दारे वरखाली करून पाणी सोडण्याची सोय, आणि दोन्ही टोकांना बुरूज. सुफी संत नसीरुद्दीन चिराग दिल्ली यांनी इथल्या पाण्याने वजू केला, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुतले, म्हणून ते पाणी रोग बरे करते अशी श्रद्धा होती आणि लोक इथे नहायला येत. मी गेले तेव्हा जिथे पाणी साठत असे त्या सपाटीवर क्रिकेट चालले होते. चेंडू तिसऱ्या कमानीत गेला. तो आणायला आलेला मुलगा पाणी अडवणाऱ्या दाराच्या जागेत क्षणभर उभा राहिला, आणि एरवी निर्जीव वाटणाऱ्या त्या बांधकामाचे माप मला एकदम कळले, कारण मुलाच्या डोक्यावर कमान आणखी दोन पुरुष उंच होती.

बारापुला मात्र वाहता आहे. जहांगीरच्या काळात बांधलेला हा दगडी पूल, बारा खांबांचा आणि म्हणून अकरा कमानींचा, हजरत निजामुद्दीनच्या दक्षिणेला अजून उभा आहे. त्याच्याखालून जो प्रवाह नदीकडे जायचा, तो दक्षिण दिल्लीच्या खडकावरचे ओहोळ गोळा करून येत असे. आज त्याच वाटेने येते ते वस्त्यांचे सांडपाणी. काठाशी उभी राहून मी बराच वेळ पाहत होते. पाण्याचा रंग काळा म्हणावा तर तितका काळा नव्हता, शिळ्या चहासारखा होता, आणि पृष्ठभागावर तळातून बुडबुडे येऊन एक एक करून फुटत होते. प्राणवायू संपलेल्या गाळातून वायू निघतो तो असा. एवढ्यातही एक ढोकरी कडेच्या गाळात पाय रोवून अगदी निश्चल उभी होती. ती कशाची वाट पाहत होती ते मला दिसले नाही. नाल्याला धरून, आणि बराचसा नाल्याच्याच डोक्यावरून, २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी बांधलेला उन्नत रस्ता जातो. त्याच्या सावलीत कपडे वाळत घातलेले होते.

तिथून जवळच निजामुद्दीन दर्ग्यात, गुलाबाच्या आणि चादरींच्या दुकानांच्या बोळातून, बावलीपाशी पोचता येते. चौदाव्या शतकात निजामुद्दीन औलियांनी ती बांधवली. त्याच वेळी ग्यासुद्दीन तुघलकाला तुघलकाबादचा किल्ला उभारण्यासाठी मजूर हवे होते. मजूर दिवसा किल्ल्यावर आणि रात्री बावलीवर राबू लागले, तेव्हा सुलतानाने तेलाची विक्री बंद केली आणि मग दिव्यांत बावलीचेच पाणी घालून काम चालले, अशी दंतकथा आहे. सुलतानाच्या किल्ल्यात आज माकडे आणि ऊन आहे. बावलीत पाणी आहे. २००८ साली तिची एक बाजू ढासळल्यानंतर शतकांचा गाळ उपसून ती दुरुस्त केली गेली. चहूबाजूंनी घरे इतकी अंगावर आली आहेत की वरच्या खिडकीतून सोडलेला पतंग पाण्यावर तरंगत होता. मी पाहिलेल्या पत्त्यांपैकी नाव आणि स्वतःचे पाणी एकत्र असलेला हा एकच. पण ती जिवंत राहिली ती कोणा पर्यावरणवाद्यामुळे नव्हे. तिच्यावर सात शतके कोणाचा तरी भाव होता, म्हणून राहिली.

चौथ्या दिवशी पहाटे मी यमुना घाटावर गेले. थंडीच्या महिन्यांत इथे उत्तरेकडून कुरव पक्षी येतात, पांढरेशुभ्र, शेकड्यांनी, आणि त्यांचे फोटो काढायला हौशी लोक अंधार असतानाच पोचतात. नावाड्याने मला लाकडी होडीत बसवले आणि हातात बेसनाच्या शेवेची पिशवी ठेवली. "डालिए मैडम, फिर देखिए," असे म्हणून त्याने तोंडाने आ, आ, आ असा पुकारा केला, आणि धुक्यातून आलेल्या त्या थव्याने आमच्या डोक्यावर असा कल्लोळ केला की क्षणभर मीही सगळे विसरले. मग शेव पाण्यात पडलेली दिसली आणि पाणी दिसले. होडीच्या वल्ह्यावरून ते डिंकासारखे घसरत होते. हजारो मैलांवरून आलेल्या पाखराला तळलेली शेव खाऊ घालायची की नाही, हा वाद मी नावाड्याशी घालू शकले असते. पण या पाण्यात मासा कुठून आणायचा, या त्याच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. पिशवी मी परत केली, पैसे पूर्ण दिले, आणि त्याने ती शेव पुढच्या होडीतल्या नवदांपत्याला दिली.

या काळेपणाचे मूळ उत्तरेला थोड्याच अंतरावर आहे, म्हणून दुपारी मी वजिराबादला गेले. यमुना पल्ला गावाजवळ दिल्लीत शिरते ती बऱ्यापैकी नदी असते. वजिराबादच्या बंधाऱ्यावर तिला अडवून पिण्यासाठी पाणी उचलले जाते, आणि कोरड्या महिन्यांत बंधाऱ्याच्या खाली तिचे स्वतःचे म्हणावे असे पाणी फारसे उरत नाही. तिथेच, लगेच, नजफगढ नाला तिला येऊन मिळतो. म्हणजे वरच्या अंगाला शहर पिते आणि हाकेच्या अंतरावर खालच्या अंगाला तेच शहर ओकते. वजिराबादपासून ओखल्यापर्यंतचा टप्पा सुमारे २२ किलोमीटरचा, १,३७६ किलोमीटर लांबीच्या नदीचा दोन टक्क्यांहूनही कमी भाग, आणि तरी नदीतल्या एकूण प्रदूषणाचा फार मोठा वाटा या एवढ्याशा तुकड्यात पडतो. सिग्नेचर ब्रिजवर सेल्फी काढणाऱ्यांच्या गर्दीत उभे राहून वाऱ्याची दिशा बदलेपर्यंत थांबले, तर आकड्यांची गरज पडत नाही.

पण मला तिथे आकड्यांपेक्षा वेगळ्याच गोष्टीने अस्वस्थ केले. ज्याला आज दिल्लीकर नजफगढ नाला म्हणतात ती मुळात नदी आहे. तिचे नाव साहिबी. राजस्थानात अरवलीत उगम पावून, अलवर आणि रेवाडीकडून येऊन ती नजफगढच्या विस्तीर्ण झिलीत, म्हणजे सरोवरात, पसरत असे. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिशांनी झिलीखालची जमीन मोकळी करण्यासाठी तिचे पाणी चर खणून यमुनेत काढले, पुढे पूर आले तसा तो चर रुंद होत गेला, आणि भोवती वाढलेल्या शहराने सुमारे ५७ किलोमीटर लांबीच्या त्या चरात आपले सगळे सोडले. चार दिवस मी पाणी गेलेली पण नाव उरलेली ठिकाणे वहीत टिपत होते. इथे उलटे होते. पाणी वाहत होते आणि नाव गेले होते. एकदा नाला म्हटले की त्यात काय टाकायचे याचा विचार करावा लागत नाही, नदीत टाकताना निदान हात जोडले जातात. पुण्यात आंबिल ओढ्याला सर्रास नाला म्हणणारे लोक मी रोज ऐकते, आणि २०१९ च्या सप्टेंबरातल्या एका रात्री त्याने सोसायट्यांच्या भिंती पाडल्या तेव्हा तेच लोक "नाल्याला पूर आला" असे नवलाने सांगत होते.

नदीला मात्र आपला पत्ता पाठ असतो, हे दिल्लीने १३ जुलै २०२३ रोजी पाहिले. जुन्या लोखंडी पुलाजवळ त्या दिवशी यमुनेची पातळी २०८.६६ मीटरवर गेली. १९७८ चा २०७.४९ मीटरचा उच्चांक मोडला गेला, आणि पाणी रिंगरोड ओलांडून लाल किल्ल्याच्या पूर्वेकडच्या तटाला जाऊन भिडले. शाहजहानने किल्ला बांधला तेव्हा नदी त्याच तटाखालून वाहत होती. पुढे ती पूर्वेला सरकली आणि सोडलेल्या पात्रात रस्ता झाला. सकाळच्या नावाड्याने मला घाटाच्या पायऱ्यांवरच्या देवळाच्या भिंतीवर, आपल्या डोक्याच्याही वर, हात उंचावून पाणी कुठवर होते ते दाखवले होते. त्या आठवड्यात त्याचे कुटुंब रस्त्यावर ताडपत्रीखाली राहिले. तक्रार करावी असा त्याचा सूर मुळीच नव्हता. पूर ओसरल्यावर काही दिवस पाणी इतके स्वच्छ होते की तळ दिसत होता, हे तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला.

शेवटच्या दुपारी मी उत्तरेकडच्या रिजवर, विद्यापीठाच्या बाजूने, एकटीच चालले. लांबून जे हिरवे अरण्य दिसते ते जवळ गेल्यावर बहुतांशी वेडी बाभूळ निघते. मूळची मध्य अमेरिकेची ही काटेरी झाडी ब्रिटिशांनी खडक हिरवा करण्यासाठी आणली, आणि तिने धव, हिवर, पळस यांना हळूहळू कडेला लोटले. दिल्लीकर तिला विलायती कीकर म्हणतात. निदान इथे तरी नावात खोट नाही. रस्त्याच्या वळणावर एकच काटेसावर होती, एकही पान नसलेली आणि लालभडक फुललेली, आणि तिच्यावर साळुंक्यांची भांडणे चालली होती. दिल्लीला नावे ठेवणे सोपे आहे आणि आपल्याकडे तो एक राष्ट्रीय छंद आहे, पण १९९८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर या शहराने आपल्या सगळ्या बस सीएनजीवर आणल्या आणि २००२ पासून एवढी मोठी मेट्रो उभी केली. सात दिवसांत मला खाजगी मोटारीची गरज दोनदाच पडली. पुण्यात राहून हे लिहिताना माझी मान थोडी खाली जाते.

ताईच्या स्वयंपाकघरात पाणी शुद्ध करणारे यंत्र आहे आणि त्यातून वाया जाणारे पाणी ती नळीने बादलीत धरते. सकाळी ती बादली लादी पुसायला, संध्याकाळची कुंड्यांना. तिच्या भागात येणारे पाणी बहुधा सोनिया विहारच्या केंद्रातून येते, आणि त्या केंद्रात पाणी येते ते टिहरी धरणातून, कालव्याने. मी हे तिला सांगितले तेव्हा ती हसली आणि म्हणाली, "म्हणजे तीस वर्षं मी यमुनेकाठी राहून गंगा पितेय? मग ही बादली तर तीर्थच की गं!" आणि ते तीर्थ तिने मोगऱ्याच्या कुंडीत ओतले.

परतीची गाडी हजरत निजामुद्दीनहून होती. सामान जड झाले होते, संमेलनातली पुस्तके दुसरे काय, म्हणून टॅक्सी केली. गाडी उन्नत रस्त्यावर चढली. डाव्या-उजव्या कठड्यांच्या पलीकडे घरांच्या गच्च्या, पाण्याच्या काळ्या टाक्या आणि झाडांचे शेंडे मागे पळत होते. जुना पूल कुठून तरी दिसेल म्हणून मी काचेला नाक लावून बसले होते. शेवटी न राहवून चालकाला विचारले, "भैया, बारापुला किधर पड़ेगा?"

त्याने आरशातून माझ्याकडे पाहिले. "बारापुला?" तो म्हणाला. "बारापुला तो यही है जी, जिस पर हम चल रहे हैं."